‘बॉनी’ म्हणजे सुंदर, पण कुठलं सुंदर?

प्रश्न असा आहे: स्कॉटलंडच्या बोलीत ‘सुंदर’ला ‘बॉनी’ म्हणतात, तर हा शब्द तिथल्या गेलिक भाषेतला की फ्रेंच ‘बॉं’वरून आलेला? एकच शब्द देखण्या मुलीला, गुटगुटीत बाळाला, तलवारबहाद्दराला आणि मोठ्या रकमेलाही कसा चालतो? आणि मराठीत आणायचा झाला तर काय म्हणायचं?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: गेलिक नक्की नाही. फ्रेंच बहुतेक आहे, पण कोशकार त्यावर शिक्कामोर्तब करत नाहीत. आणि अर्थाचं म्हणाल तर ‘सुंदर’ एवढं लिहून पुढे गेलात की निम्मा शब्द मागे राहतो. बॉनीतलं सौंदर्य चांगुलपणापासून, तब्येतीपासून आणि बघणाऱ्याच्या मायेपासून सुटं काढता येत नाही. इंग्रजी शिकवताना आणि जुनी स्कॉटिश गाणी मराठीत आणताना हा शब्द मला वारंवार आडवा आला आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी गेलिकचा मुद्दा निकालात काढू. स्कॉटलंडमध्ये इंग्रजीखेरीज दोन देशी भाषा आहेत आणि आपल्याकडे त्यांची गल्लत फार होते. वायव्येच्या डोंगराळ मुलखात आणि हेब्रिडीज बेटांवर जिची मुळं आहेत ती गेलिक केल्टिक कुळातली, आयरिशची बहीण. दक्षिण आणि पूर्वेच्या सखल भागातली स्कॉट्स मात्र जुन्या नॉर्थम्ब्रियन इंग्रजीतून वाढलेली, म्हणजे इंग्रजीची भावकी. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने बरंचसं लिहिलं ते स्कॉट्समध्ये. ती भाषा की बोली, हा वाद तिथेही जुना आहे आणि आपल्याला असले वाद काही नवे नाहीत. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा तसा प्रश्न विचारला तेव्हा पंधरा लाखांहून जास्त लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं सांगितलं, आणि २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गेलिक आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. ‘बॉनी’ हा या स्कॉट्सचा शब्द. गेलिकमध्ये सुंदरसाठी जो नेहमीचा शब्द आहे त्याचा उच्चार साधारण ‘बॉयाख’ असा होतो. सुरुवातीचा ‘ब’ ऐकून काही उत्साही मंडळी दोन्हींचं गोत्र जुळवतात, पण बॉनीतला ‘न’ तिथून येणार कसा, याला त्यांच्याकडे उत्तर नसतं.

आता फ्रेंच. लिखाणात हा शब्द पंधराव्या-सोळाव्या शतकापासून ठळकपणे दिसू लागतो. तोवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्याला चारशे वर्षं होऊन गेलेली, इंग्रजी आणि स्कॉट्स दोन्हींत फ्रेंच शब्दांचा राबता होता. फ्रेंचमध्ये चांगल्याला पुल्लिंगी ‘बॉं’ आणि स्त्रीलिंगी ‘बॉन’. स्त्रीलिंगी रूपाच्या शेवटचा हलका स्वर जुन्या फ्रेंचमध्ये उच्चारला जायचा. तेव्हा ‘बॉन’ वरून ‘बॉनी’ ही उडी काही लांबची वाटत नाही. अडचण अशी की फ्रेंचमध्ये ‘बॉनी’ असं रूपच नव्हतं. ‘जॉली’ हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंच ‘जोलिफ’वरून आला, ‘हेस्टी’ हा ‘हास्तिफ’वरून. तिथे शेवटचा ‘ई’ कुठून आला ते दाखवता येतं. बॉनीच्या बाबतीत तो ‘ई’ इंग्रजी बोलणाऱ्यांनीच अशा शब्दांच्या धर्तीवर चिकटवला असावा, असं मानावं लागतं. दुसरी अडचण स्वराची. फ्रेंच ‘बॉं’ इंग्रजीत आला तेव्हा त्याचा ‘बून’ झाला, खाण्यापिण्याच्या सोबत्याला ‘बून कम्पॅनियन’ म्हणतात त्यातला. मग बॉनीतला स्वर ऱ्हस्व का राहिला? या दोन खुंट्यांवर कोशकार अडकतात आणि ‘मूळ अनिश्चित, बहुधा फ्रेंच’ असं लिहून मोकळे होतात. माझं मत विचाराल तर फ्रेंचलाच. त्याच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा उच्चाराचा नाही, अर्थाचा आहे. बॉनीचे जे जे अर्थ पुढे येणार आहेत ते ‘चांगला’ या मुळातून सरळ फुटतात; ‘सुंदर’ मूळ धरलं तर त्यातल्या निम्म्यांची संगती लागत नाही.

फ्रेंच ‘बॉं’ लॅटिन ‘बोनुस’वरून आला, आणि त्याच्या मागे गेलं की मजा आहे. फार जुन्या लॅटिनमध्ये हा शब्द ‘दुएनोस’ होता. १८८० मध्ये रोममध्ये तीन छोटी मडकी एकत्र जोडलेलं एक भांडं सापडलं. त्यावर कोरलेल्या ओळीत ‘दुएनोस’ हा शब्द आहे. लॅटिनच्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी तो एक. पुढे ‘दु’चा ‘ब’ झाला, जसा युद्धवाचक ‘दुएल्लुम’चा ‘बेल्लुम’ झाला. याच ‘दुएनोस’चं लडिवाळ, लहानपण दाखवणारं रूप म्हणजे ‘बेल्लुस’. आरंभी त्याचा अर्थ ‘चांगलासा’, ‘गोडसा’ इतकाच. मग देखणा, मग सुंदर. अभिजात लॅटिनमध्ये सुंदरला ‘पुल्खेर’ हा भारदस्त शब्द होता, पण लोकांच्या तोंडी ‘बेल्लुस’च टिकला. फ्रेंच ‘बो’ आणि ‘बेल’, इटालियन ‘बेल्लो’ आणि इंग्रजी ‘ब्यूटी’ हे सगळे त्याचेच वंशज. म्हणजे बॉनीचं फ्रेंच मूळ खरं मानलं तर ‘ब्यूटी’ आणि ‘बॉनी’ लांबच्या चुलत बहिणी ठरतात आणि दोघींची पणजी ‘चांगली’ ही आहे.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या ‘चांगला’चं मूळ प्राकृतातल्या ‘चंग’मध्ये सांगतात आणि त्याचा अर्थ सुंदर, गोमटा. तिकडे चांगल्याचं सुंदर झालं, इकडे सुंदराचं चांगलं. रस्ता एकच, वाहतूक उलटी.

स्कॉटलंड आणि फ्रान्स यांच्यात १२९५ पासून १५६० पर्यंत इंग्लंडविरुद्ध जुनी मैत्री होती, म्हणून बॉनी थेट फ्रान्सहून स्कॉटलंडला आला, अशी एक गोष्ट रंगवून सांगितली जाते. स्कॉट्समध्ये फ्रेंच शब्द भरपूर आहेत हे खरं. मोठ्या ताटाला ‘ॲशेट’, सौम्य-सालस माणसाला ‘डूस’, आणि ‘उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस’ या अर्थाने रोज ऐकू येणारं ‘डिना फॅश यर्सेल’. त्यातला ‘फॅश’ हा फ्रेंच ‘फाशे’. पण बॉनीसाठी या मैत्रीची गरज नाही, कारण तो शब्द इंग्लंडमध्येही सर्रास चालत होता. शेक्सपिअरच्या नाटकात पेत्रुचिओ आपल्या तिखट बायकोला ‘बॉनी केट’ म्हणतो आणि ते नाटक घडतं इटलीतल्या पादुआत; स्कॉटलंडचा तिथे वारासुद्धा नाही. त्याच्याच ‘ॲज यू लाइक इट’मध्ये ड्यूकच्या दरबारी पैलवानाला बॉनी म्हटलं आहे. पैलवान आणि सुंदर? हे न पटल्यामुळे जुन्या संपादकांपैकी एकाने तिथे ‘हाडापेराने मजबूत’ अशा अर्थाचा ‘बोनी’ शब्द सुचवला. गरज नव्हती. धष्टपुष्ट, बघताच नजरेत भरणारा, हा बॉनीचा रास्त अर्थ आहे.

मग हा शब्द स्कॉटिश झाला कसा? इंग्लंडच्या दक्षिणेने तो हळूहळू टाकून दिला आणि उत्तरेने ठेवला, इतकंच. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात फ्रेंच मूळ देऊन सोबत नोंदवलं की हा शब्द आता जवळपास स्कॉटिश बोलीपुरताच उरला आहे. त्याने दिलेले अर्थ बघण्यासारखे आहेत. पहिला देखणा, सुंदर. दुसरा आनंदी, हसतमुख, खेळकर. तिसऱ्याबद्दल त्याचं म्हणणं असं की बोलताना लोक हा शब्द बहुधा ‘अंगाने भरलेला’ या अर्थी वापरतात. जॉन्सनला स्कॉटिश लोकांची खोड काढायला आवडायचं, पण इथे त्याचा कान अगदी सरळ होता. हे तिन्ही अर्थ आजही चालू आहेत.

‘स्कॉटिश’ म्हणतानाही सीमारेषेवर फार विसंबू नका. न्यूकॅसलकडे अनोळखी पुरुषालाही ‘बॉनी लॅड’ अशी हाक मारतात. आपण ‘काय भाऊ’, ‘काय राव’ म्हणतो त्या सुरात. ज्याला हाक मारली तो दिसायला कसा आहे याचा संबंध नाही. यॉर्कशर-लँकशरकडे बॉनी म्हणजे बरेचदा तब्येतीने भरलेला. ब्रिटनमध्ये लहान बाळांच्या ‘बॉनी बेबी’ स्पर्धा भरायच्या. बाळ देखणं हवं यापेक्षा ते गुटगुटीत, लाल गालांचं, टवटवीत हवं, ही त्यातली अपेक्षा. पण तोच शब्द त्या भागात एखाद्या मोठ्या बाईला लावलात तर जपून. ‘बऱ्याच दिवसांनी दिसलात, तब्येत सुधारलेली दिसते’ असं आपल्याकडे कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, तेच तिकडेही उमटेल.

स्कॉटलंडमध्ये आज बॉनी मुख्यत: बाया, मुली, बाळं आणि निसर्ग यांच्यासाठी. ॲबर्डीनच्या आसपास मुलीला ‘क्वाइन’ आणि मुलग्याला ‘लून’ म्हणतात, तिथे ‘बॉनी क्वाइन’ रोजच्या बोलण्यात आहे. उन्हाचा दिवस बॉनी, नदीचा काठ बॉनी, डोंगराचा उतार बॉनी. लॉक लोमंड सरोवराच्या ‘बॉनी’ काठांचं गाणं तर लग्नसमारंभाच्या शेवटी सगळे हात धरून म्हणतात. बर्न्सने हा शब्द इतका वापरला आहे की त्याच्या कवितांतून तो काढला तर पानं भुंडी दिसतील. तो बहुधा एकाच ‘न’ने लिहायचा. १७९१ मध्ये छापलेल्या ‘टॅम ओ’ शँटर’ या कथाकाव्यात तो आपल्या एअर गावाची थोरवी गातो, की प्रामाणिक पुरुष आणि बॉनी पोरी यांत या गावाचा हात धरणारं दुसरं गाव नाही. त्या ओळीतल्या ‘प्रामाणिक पुरुषां’वरून एअर युनायटेड या फुटबॉल संघाला आजही ‘द ऑनेस्ट मेन’ म्हणतात. बॉनीच्या बाजूचा शब्द बघा: प्रामाणिक. पुरुषाचा गुण एक, बाईचा दुसरा, ही त्या काळची वाटणी झाली. पण ओळीचा तोल सांभाळला जातो तो बॉनीतही गुणाची छटा असल्यामुळे. तिथे ‘लावण्यवती’सारखा शब्द बसवलात तर ओळ एका बाजूला कलंडते.

पुरुषांना बॉनी म्हणण्याची रीत मात्र जुन्या गाण्यांत भरपूर सापडते, आणि इथे शब्दाला राजकारण चिकटतं. सगळ्यात प्रसिद्ध अर्थातच बॉनी प्रिन्स चार्ली, म्हणजे ब्रिटनची गादी गमावलेल्या स्टुअर्ट राजघराण्यातला चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट. स्कॉटलंडचा हा लाडका राजपुत्र १७२० मध्ये जन्मला रोममध्ये आणि १७८८ मध्ये वारला तोही रोममध्येच. गेलेलं राज्य परत मिळवायला तो जुलै १७४५ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरला, १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर हरला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बोटीने निसटला. सगळा मुक्काम जेमतेम चौदा महिन्यांचा. मधल्या काळात फ्लोरा मॅकडॉनल्ड या तरुणीने त्याला दासीच्या वेषात स्काय बेटावर पोचवलं. पुढचं आयुष्य दारूत गेलं. पण गाण्यांनी त्याला तरुण आणि बॉनीच ठेवलं. यात त्याचा चेहरा किती आणि त्याच्या पक्षाच्या लोकांची माया किती, हे वेगळं करता येत नाही. मला तर वाटतं तिथे बॉनी म्हणजे ‘आमचा’.

हे पटत नसेल तर बॉनी डंडी बघा. जॉन ग्रॅहम ऑफ क्लेव्हरहाउस, व्हायकाउंट डंडी. स्टुअर्ट राजांच्या बाजूने लढणारा हा सरदार २७ जुलै १६८९ रोजी किलिक्रँकीच्या खिंडीत लढाई जिंकला आणि तिथेच मारला गेला. त्याच्या बाजूच्या लोकांसाठी तो बॉनी डंडी. ज्या कव्हेनंटर पंथाच्या लोकांना त्याने छळलं, त्यांच्या तोंडी त्याचं नाव ‘ब्लूडी क्लेव्हर्स’, रक्तपिपासू क्लेव्हर्स. माणूस तोच, चेहरा तोच. गंमत म्हणजे जुन्या गाण्यातला ‘बॉनी डंडी’ हा डंडी गाव होता. सरदारावर ते विशेषण पक्कं बसवलं वॉल्टर स्कॉटने १८२५ च्या आपल्या गाण्यात.

तिसरा बॉनी पुरुष अर्ल ऑफ मरे हा उमराव. फेब्रुवारी १५९२ मध्ये फाइफच्या किनाऱ्यावरच्या डॉनिब्रिसल इथे अर्ल ऑफ हंटलीच्या माणसांनी त्याला गाठून मारलं. तोंडावर वार करणाऱ्या हंटलीला तो मरता मरता म्हणाला, की तू तुझ्या स्वत:च्या चेहऱ्याहून चांगला चेहरा बिघडवलास, अशी दंतकथा आहे. त्याच्या आईने न्याय मागण्यासाठी त्याच्या प्रेताचं, जखमांसकट, चित्र काढून घेतलं. हा खरोखरच देखणा असावा. त्याच्यावरच्या पोवाड्यासारख्या गाण्यात ‘बॉनी अर्ल’ म्हणताना दिसण्याबरोबर त्याचं खेळातलं कसबही गायलं आहे, आणि ‘हा राजा शोभला असता’ असंही. याच गाण्यातून इंग्रजीला एक वेगळाच शब्द मिळाला. ‘त्यांनी अर्लला मारलं आणि हिरवळीवर निजवलं’ या ओळीतला ‘लेड हिम ऑन द ग्रीन’ हा तुकडा सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेला लहानपणी ‘लेडी मोंडग्रीन’ असा ऐकू आला, आणि अर्लच्या जोडीने एक बाईही मेली असं तिने धरून चाललं. १९५४ मध्ये तिने त्यावर लेख लिहिला. तेव्हापासून गाण्याचे शब्द चुकीचे ऐकू येण्याला ‘मोंडग्रीन’च म्हणतात. विषयांतर झालं, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.

आता तलवारबहाद्दर. स्कॉट्समध्ये ‘बॉनी फेक्टर’ हा ठरलेला प्रयोग आहे. ‘फेक्टर’ म्हणजे लढणारा. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८६ च्या ‘किडनॅप्ड’ कादंबरीत जहाजावरची मारामारी संपल्यावर ॲलन ब्रेक आनंदाच्या भरात विचारतो, मी बॉनी लढवय्या नाही का? तो स्वत:च्या रूपाबद्दल बोलत नाहीये. तो म्हणतोय, आहे की नाही मी पक्का, कसलेला, बघत राहावं असा लढणारा? आज हा प्रयोग तलवारीपेक्षा सभेत, निवडणुकीत, कामगार चळवळीत हिरिरीने भांडणाऱ्यांसाठी जास्त वापरतात. स्तुतीच असते. ‘भांडखोर’ नको, ‘लढवय्या’, ‘खमका’ जवळ जातील.

रकमेचं कोडं मराठीतूनच सुटतं. ‘बॉनी पेनी’ म्हणजे भरपूर पैसे. आपण म्हणतोच ना, ‘घराच्या दुरुस्तीत चांगलेच पैसे गेले’? पैसे जाण्यात चांगलं काय? काही नाही, ‘चांगलेच’ म्हणजे पुष्कळ. उपरोधही तसाच. घोळ घालून ठेवणाऱ्याला स्कॉटिश माणूस म्हणतो, ‘बॉनी गोंधळ करून ठेवलास’. आपण म्हणतो, ‘चांगला उजेड पाडलास!’ सूर सेम.

स्कॉट्समधला दुसरा कौतुकाचा शब्द ‘ब्रॉ’. तो फ्रेंच ‘ब्राव्ह’च्या घरातला. त्यात थाट आहे, कपडालत्ता आहे, झोकदारपणा आहे. नटूनथटून निघालेली माणसं ब्रॉ. झोपून उठलेलं, केस विस्कटलेलं पोर बॉनी. चांदणी रात्र ब्रॉ असू शकते, गॅलाशील्स गावची तरुण पोरं ब्रॉ असतात आणि त्यांच्या नावाचा ‘ब्रॉ लॅड्स गॅदरिंग’ हा उत्सव १९३० पासून तिथे भरतो. एक जुनी स्कॉट्स म्हण आहे: ‘अ बॉनी ब्राइड इज सून बस्किट’, बॉनी नवरीला नटवायला वेळ लागत नाही. कालिदासाचं ‘किमिव हि मधुराणां मण्डनं नाकृतीनाम्’ ज्यांना पाठ असेल त्यांना ही म्हण समजावून सांगायला नको. कालिदास वल्कलातल्या शकुंतलेकडे बघून बोलतो, म्हण करवल्यांच्या घाईकडे बघून. मुद्दा तोच की बॉनी हा अंगचा गुण, ब्रॉ हा अंगावरचा.

नावांच्या बाबतीत थोडी सावधगिरी. ‘बॉनी’ दिसला की स्कॉटलंड असं समजू नका. अमेरिकेत हे मुलींचं नाव म्हणून रुजलं. टेक्ससच्या बॉनी पार्करमुळे तर ते दरोडेखोरीशीच जोडलं गेलं. नायजेरियाचं ‘बॉनी लाइट’ हे कच्चं तेल ज्या बॉनी बेटावरून निघतं, त्याचं नाव तिथल्या इबानी लोकांच्या नावाचा युरोपीय अपभ्रंश आहे. एडिंबराजवळच्या बॉनीरिग गावाचं जुनं नाव ‘बॅनॉकरिग’ असं सापडतं. बॅनॉक ही तिथली जाड गोल भाकरी, तेव्हा बॉनी हा नंतरचा साज. आणि स्कॉटिश टोपीला म्हणतात तो ‘बॉनेट’ वेगळ्याच घरातला.

‘माय बॉनी लाइज ओव्हर द ओशन’ हे गाणं कुणी शाळेत म्हटलं असेल. त्यातला बॉनी बाई की पुरुष हे इंग्रजीत कळत नाही. प्रिन्स चार्लीशी त्याचा संबंध लावतात, पण ते छापून आलं १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेही अमेरिकेत. मराठीत आणताना लिंग ठरवावंच लागतं. मी ‘जिवलग’ वापरून सुटका करून घेतो.

पर्यटनाच्या जाहिरातींनी या शब्दाचं बरंच नुकसान केलं आहे. ‘बॉनी स्कॉटलंड’ म्हटलं की चौकड्यांचे झगे, पिपाण्या आणि धुकं. लॉरेल-हार्डींचा १९३५ चा याच नावाचा चित्रपट स्कॉटलंडमध्ये सुरू होतो आणि लगेच पलटणीबरोबर हिंदुस्थानात येऊन पडतो. त्यातलं स्कॉटलंड जितकं खरं तितकंच हिंदुस्थान. शिकलेले स्कॉटिश लोक म्हणूनच कधीकधी हा शब्द वापरताना थोडे बिचकतात. आजी नातवाला म्हणते तेव्हा मात्र त्याला काही झालेलं नसतं.

मराठीत काय म्हणायचं? एकच प्रतिशब्द ठरवून तो सगळीकडे चिकटवू नका. बाळाला गुटगुटीत किंवा गोजिरं. मुलीला देखणी, ओळ मायेची असेल तर लोभस. नदीकाठाला रम्य म्हणाल तर पाठ्यपुस्तकाचा वास येईल. विदर्भातलं ‘साजरा’ मला तिथे फार आवडतं, कारण ‘साजरं दिसते’ म्हणताना बोलणाऱ्याची पसंती त्यात येतेच. लढवय्याला खमका, पैशाला चांगलेच.

पण बॉनीचा सगळ्यात जवळचा नातेवाईक जुन्या मराठीत आहे आणि आपण त्याला जवळजवळ विसरलो आहोत: बरवा. ‘रूप पाहतां लोचनीं, सुख जालें वो साजणी। तो हा विठ्ठल बरवा, तो हा माधव बरवा’. इथे बरवा म्हणजे सुंदर की चांगला? ज्ञानदेवांना विचारलं तर ते प्रश्नच उडवून लावतील. बघितल्यावर सुख झालं, म्हणून बरवा. आजच्या मराठीत त्याचा ‘बरा’ उरला, आणि ‘दिसायला बरा आहे’ म्हणजे जेमतेम. कोकणीत ‘बरें’ने आपली पत जास्त सांभाळली, ‘देव बरें करूं’ हा तिथला पुरा आशीर्वाद आहे. बर्न्सच्या एखाद्या गाण्याचा अनुवाद ओवी-अभंगाच्या वळणाने करणार असाल तर ‘बरवी’ बेलाशक वापरा. आधुनिक कथेच्या संवादात तो वापरलात तर पात्र कीर्तनाला बसल्यासारखं वाटेल.

आणखी खोलात जायचं असेल तर स्कॉट्स भाषेचे दोन मोठे कोश आहेत. जुन्या स्कॉट्सचा कोश १९३१ ते २००२ असा सत्तर वर्षं चालला. १७०० नंतरच्या भाषेचा दहा खंडांचा कोश १९७६ मध्ये पुरा झाला. दोन्ही आता इंटरनेटवर एकत्र आणि फुकट बघता येतात. त्याआधीचा जॉन जेमिसनचा १८०८ चा कोशही वाचनीय, पण त्यातल्या व्युत्पत्ती जरा जपूनच घ्या. कोशांचा विषय निघालाच आहे तर एक खरा मराठी धागा: मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत मराठी भाषेवर प्रास्ताविक टिपण लिहिणारे जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे, ते स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या लॉडरचे. बॉनीचा रोजचा वापर असलेल्या मुलखातला माणूस.

स्पेलिंगचं विचाराल तर स्कॉटलंडमध्ये शेवटी ‘आय-ई’ आणि इंग्लंडमध्ये ‘वाय’, असा ढोबळ कल आहे. उच्चार काही भागांत ‘बॉनी’, काही भागांत ‘बोनी’, आणि शेवटचा स्वर पुष्कळदा ‘ई’ आणि ‘ए’ यांच्या मधला. देवनागरीत ‘बॉनी’ लिहा, ते पुरेसं आहे.